पिव्होट बेअरिंग घरी बदलताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

फुल सस्पेन्शन माउंटन बाइकच्या पिव्होटमधलं बेअरिंग चाकातल्या बेअरिंगसारखंच काम करतं, हा सगळ्यात मोठा गैरसमज. बाकीचे बरेचसे त्यातूनच निघतात.

मागचं चाक 150 मिलिमीटर वर आलं, तरी मुख्य पिव्होट साधारण 20 अंशच वळतो. बेअरिंगचा फेरा कधी पूर्ण होतच नाही. प्रत्येक छर्रा शेजारच्या छर्‍याच्या जागेपर्यंतही न पोचता परत फिरतो, आणि उडीचा, दगडांचा सगळा मार त्याच त्या चार जागांवर बसतो. ग्रीस तिथून बाजूला सरकतं, पोलादाला बारीक खड्डे पडतात. मग पावसाळ्यातला चिखल आणि पाणी सीलमधून आत शिरतं आणि गंज उरलेलं काम करतो.

म्हणूनच ‘बेअरिंग जितकं वेगवान, महाग, तितकं चांगलं’ हे इथे लागू नाही. एबेक दर्जा हा मापातल्या काटेकोरपणाचा असतो आणि त्याचा उपयोग प्रामुख्याने जास्त वेगाला. पिव्होटला वेगच नाही. इथे हवेत जास्त छर्रे. आतली जाळी काढून त्या जागी छर्रे भरलेली बेअरिंग मिळतात, त्यांच्या नंबरापुढे बहुधा ‘मॅक्स’ लिहिलेलं असतं. पिव्होटला ती योग्य. सिरॅमिकवर पैसे घालू नका.

‘बेअरिंग कंपनीकडूनच मागवावं लागतं.’ बहुतेक वेळा नाही. सील पुसून पाहा, नंबर कोरलेला असतो. 6902 म्हणजे आतला व्यास 15, बाहेरचा 28, रुंदी 7 मिलिमीटर. जगात कुठेही हेच माप. पुढे 2आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील. झेडझेड म्हणजे पत्र्याचं झाकण. ते चिखलात टिकत नाही, घेऊ नका. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा आपल्या गावातल्या बेअरिंगच्या दुकानात साधे नंबर सहज मिळतात. मात्र काही फ्रेममध्ये आतली रिंग एका बाजूने लांब असते. ते बेअरिंग खास त्या सायकलचंच लागतं. म्हणून जुनं काढल्यावर व्हर्नियर लावून मगच खरेदी करा.

‘मागून करकर आली, बेअरिंग गेलं.’ करकर सीटपोस्टची, मागच्या ॲक्सलची, शॉकच्या बुशची, नुसत्या ढिल्या बोल्टचीही असते. शॉक सोडवून मागचा त्रिकोण हाताने वर-खाली करा, बाजूला हलवून पाहा. मग बोल्ट काढून बेअरिंगच्या आतल्या रिंगमध्ये बोट घालून फिरवा. खाचेत अडकल्यासारखं लागलं, खरखरलं किंवा फिरेचना, तर बदला. सुरळीत फिरत असेल तर त्याला हात लावू नका.

आता हातोडी. ‘हलक्या हाताने ठोकलं तर चालतं’ हे ऐकून अनेक फ्रेम खराब झाल्या आहेत. बेअरिंग केसभर तिरकं बसलं तरी ॲल्युमिनियमचं घर ओरबाडलं जातं; कार्बन फ्रेममध्ये बऱ्याचदा आत चिकटवलेली धातूची बांगडी असते, ती सुटू शकते. पण हातोडी नको म्हणून महागडं प्रेस लागतं असंही नाही. हार्डवेअरच्या दुकानातला आटे असलेला रॉड, दोन नट, जाड वायसर आणि गोटी पान्याच्या गोट्या पुरतात. काढताना एका बाजूला बेअरिंगपेक्षा किंचित लहान गोटी, दुसऱ्या बाजूला बेअरिंग आत मावेल अशी मोठी गोटी लावून नट आवळत जायचं. त्याआधी सर्कलिप आहे का ते बघा. बसवताना घर पुसून ग्रीसचा पातळ हात द्या आणि दाब बाहेरच्याच रिंगवर येईल अशी गोटी निवडा. आतल्या रिंगवर दाब दिला तर तो छर्‍यांमधून जातो आणि नवं कोरं बेअरिंग बसवतानाच खड्डे पडतात. पहिल्या वळशांत बेअरिंग वाकडं जाताना दिसलं तर थांबा, बाहेर काढा, पुन्हा सरळ धरा. एका बाजूने बंद असलेल्या घराला मात्र आतून पकडणारा पुलर लागतो. तो नसेल तर तेवढं काम दुकानात द्या. आणि कार्बनवर हीट गन नको: रेझिन आणि गोंद दोन्ही उष्णतेने कमजोर होतात.

‘स्प्रे मारला की बेअरिंग परत चालू.’ पातळ तेलाने उरलंसुरलं ग्रीस धुऊन जातं. उलट नव्या बेअरिंगचं सील पातळ पात्याने अलगद उचलून आत आणखी ग्रीस भरा. वेगाने फिरणारं बेअरिंग जास्त ग्रीसने तापतं. पिव्होटला ती भीती नाही.

शेवटी बोल्ट. ताकदीने आवळू नका. फ्रेमवर किंवा माहितीपुस्तिकेत दिलेला न्यूटन-मीटरचा आकडा टॉर्क रेंचने पाळा. कंपनीने सांगितलं असेल तिथे आट्यांना थ्रेडलॉकर लावा. तो बेअरिंगच्या सीलला लागू देऊ नका. आणि पहिल्या राइडनंतर सगळे पिव्होट बोल्ट पुन्हा एकदा रेंचने तपासा.