बाकासाठी अर्ज कुठे करायचा?

मंचावर एक पारदर्शक पिंप ठेवलंय. आत गुंडाळलेल्या चिठ्ठ्या आहेत. समोर खुर्च्यांवर बसलेली मोठमोठी माणसं माना उंचावून बघतायत. आणि पिंपात हात कोण घालतंय? शाळेचा गणवेश घातलेली, साधारण तुमच्याएवढी मुलगी!

महाराष्ट्रात महापालिकेची निवडणूक जवळ आली की अशी ‘आरक्षण सोडत’ निघते. महापालिकेतल्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात, शिवाय आणखी काही समाजगटांसाठीही असतात. कोणत्या प्रभागातली कोणती जागा कोणासाठी, हे बरंचसं या चिठ्ठ्या ठरवतात. आणि चिठ्ठ्या काढायला बहुतेक वेळा शाळेतल्या मुलांनाच बोलावतात. मोठ्यांचा एकमेकांच्या हातांवर फारसा विश्वास नसावा!

आपण पुण्याचं बघू. पुणे महापालिका सुरू झाली 15 फेब्रुवारी 1950 रोजी. आता तिथे 41 प्रभाग आणि 165 नगरसेवक आहेत. करा बरं भागाकार. प्रत्येक प्रभागाला चार आले आणि बाकी उरली एक. ही उरलेली बाकी कुठे गेली? एका प्रभागाला चाराऐवजी पाच नगरसेवक मिळाले! एका प्रभागात इतक्या जागा, म्हणून पुण्यात मतदार एकदाच बटण दाबून बाहेर येत नाही. अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी वेगळं मत देतो. मुंबईत मात्र 227 प्रभाग आणि 227 नगरसेवक. एक प्रभाग, एक नगरसेवक, एक मत.

निवडून आलेले हे सगळे जण ‘मुख्य सभे’त बसतात. ते आपल्यातूनच महापौर निवडतात, अडीच वर्षांसाठी. महापौर सभा चालवतात, पण रोजचा कारभार त्यांच्या हातात नसतो. तो असतो महापालिका आयुक्तांच्या हातात, आणि आयुक्तांना राज्य सरकार नेमतं. म्हणजे काय करायचं ते सभेने ठरवायचं आणि ते आयुक्तांनी करून दाखवायचं. मधल्या काळात तर गंमतच झाली. मार्च 2022 मध्ये पुण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली थेट जानेवारी 2026 मध्ये! तोवर ठरवणारे आणि करणारे एकच, आयुक्त. ‘गंमत’ म्हटलं खरं, पण मला ते अजिबात आवडलं नव्हतं.

आता पैशांकडे येऊ. पुणे महापालिकेचं 2025-26 चं अंदाजपत्रक होतं 12,618 कोटी रुपयांचं. हा आकडा डोक्यात मावत नाही ना? समजा, दर सेकंदाला एक रुपया मोजायचा. झोपायचं नाही, जेवायचं नाही, शाळा तर नाहीच. तरी मोजून व्हायला लागतील जवळजवळ 4000 वर्षं!

हे पैसे येतात कुठून? काही सरकारकडून येतात, काही आपल्या घरातून. आई-बाबा दरवर्षी मिळकतकर भरतात, तो इथेच जमा होतो. म्हणजे खर्च कशावर होतोय हे विचारायचा आपल्याला पुरेपूर हक्क आहे.

असं विचारणारा एक माणूस पुण्याच्या जुन्या नगरपालिकेत होऊन गेला. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. 1880 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला यायचे होते. त्यांच्या स्वागताच्या थाटामाटासाठी हजार रुपये खर्च करायचं घाटत होतं. हजार रुपये म्हणजे त्या काळी केवढी तरी रक्कम! एकच सभासद विरोधात उभा राहिला. त्याचं म्हणणं, हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा. मतदानात तो एकटाच पडला आणि ठराव मंजूर झाला. त्या सभासदाचं नाव जोतीराव फुले.

पण पैसे कुठे जावेत हे सांगायला सभासदच व्हावं लागतं असं नाही. ब्राझीलमध्ये पोर्तो आलेग्रे नावाचं शहर आहे. तिथे 1989 मध्ये लोकांनाच विचारायला सुरुवात झाली, ‘बोला, तुमच्या भागात काय हवंय?’ पुण्याने 2006 मध्ये हाच प्रकार सुरू केला. नाव जरा भारदस्त आहे, ‘सहभागी अंदाजपत्रक’. नागरिकांनी अर्ज भरायचा आणि आपल्या प्रभागातलं एखादं छोटं काम सुचवायचं. पदपथ, दिवा, बसथांबा, स्वच्छतागृह किंवा आजोबांना टेकायला एखादं बाक. उड्डाणपूल मागू नका, कारण खर्चाला मर्यादा असते, एका कामाला पाच लाख रुपयांच्या आतली.

अर्ज आपल्या भागातल्या क्षेत्रीय कार्यालयात जातो. अशी पुण्यात पंधरा कार्यालयं आहेत. तिथले अभियंते बघतात, हे काम इथे होईल का? जागा कोणाची? खर्च किती? जमण्यासारखं असेल तर ते अंदाजपत्रकात शिरतं. आयुक्त ते अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात. या समितीत फक्त 16 नगरसेवक, पण पैशांच्या बाबतीत तिचा दबदबा मोठा! मग मुख्य सभेची मंजुरी, आणि 1 एप्रिलपासून नवं आर्थिक वर्ष सुरू. सुचवलेलं सगळंच होतं असं नाही हं. मंजूर झालेली कामंसुद्धा रेंगाळतात, तेव्हा पुन्हा जाऊन विचारावं लागतं. आणि 12,618 कोटींपुढे लोकांनी सुचवलेल्या कामांचा वाटा अगदी चिमूटभर असतो. माझं मत विचाराल तर तो वाढवायला हवा.

अर्ज मोठ्यांच्या नावाने करायला लागला, तरी जागा शोधायचं काम तुमच्याकडे घ्या. कोणता दिवा बंद असतो, पदपथ कुठे मध्येच संपतो, हे शाळेत चालत जाणाऱ्याला जास्त ठाऊक! फक्त पत्ता नेमका हवा. ‘शाळेजवळ’ एवढंच लिहिलं तर अभियंत्याने शोधायचं कुठे? ‘शाळेच्या मागच्या फाटकासमोर, पिंपळाखाली’ असं लिहा. आणि हद्द तपासा. पुणे कॅम्प आणि खडकीत महापालिकेचा नाही, तर कटक मंडळांचा (कॅन्टोन्मेंट बोर्डांचा) कारभार चालतो, त्यामुळे रस्ता ओलांडला की कधीकधी अर्जाचं ऑफिसच बदलतं.

आणखी एक कागद तुम्हाला रस्त्यातच भेटेल, झाडावर चिकटवलेला. महापालिकेच्या हद्दीत झाड तोडायचं असेल तर आधी त्याच झाडावर नोटीस लावावी लागते, असा 1975 चा कायदा आहे. तोडू नका असं वाटलं तर कोणीही लेखी हरकत घेऊ शकतं. त्यासाठी मुदत असते सात दिवसांची. म्हणून असा कागद दिसला की सगळ्यात आधी त्यावरची तारीख वाचा.