विश्लेषण : हृदयाच्या झडपेतील जंतुसंसर्ग पेट स्कॅनने कसा ओळखतात?

कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णाला ताप येत राहतो, टू-डी इकोमध्ये काही सापडत नाही, तरी संशय जात नाही. संसर्ग नजरेतून सुटला तर जिवावर बेतते. नसताना गृहीत धरला तर छाती विनाकारण पुन्हा उघडावी लागू शकते. अशा वेळी पेट-सीटी स्कॅन निर्णायक ठरू शकतो.

हा आजार नेमका काय?

रक्तात शिरलेले जीवाणू झडपेवर ठाण मांडतात आणि तिथे गुठळीसारखी गाठ तयार होते. याला ‘इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस’ म्हणतात. गाठीचा तुकडा सुटून मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. उपचार मिळूनही साधारण पाचपैकी एक रुग्ण रुग्णालयातच दगावतो.

निदान अवघड का?

ताप, थकवा, वजन घटणे ही लक्षणे टायफॉइड किंवा क्षयातही दिसतात. निदानाची मुख्य भिस्त ब्लड कल्चर आणि इकोवर असते. पण आधीच अँटिबायोटिक घेतले असेल तर कल्चरमध्ये जीवाणू वाढत नाहीत, आणि धातूच्या झडपेची सावली इकोमधील चित्र झाकते.

पेट स्कॅन वेगळे काय दाखवतो?

इको झडपेची रचना दाखवतो, तर पेट पेशींची लगबग. किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेला ग्लुकोजसारखा पदार्थ शिरेतून देतात. संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तो अधिक शोषतात आणि ती जागा चित्रात उजळते. प्लीहा किंवा मणक्यात पोहोचलेला संसर्गही त्याच तपासणीत दिसू शकतो. २०२३ च्या सुधारित ड्यूक निकषांनी या तपासणीला मुख्य पुराव्याचे स्थान दिले.

मर्यादा कोणत्या?

हृदयाचे स्नायूही ग्लुकोज वापरतात. त्यामुळे तपासणीआधी भात, पोळी, साखर बंद करून स्निग्ध आहार आणि नंतर दीर्घ उपवास करावा लागतो. पथ्य मोडले तर चित्र फसवे येते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत जखमेची सूजही उजळू शकते. नैसर्गिक झडपेवरील लहान गाठी अनेकदा दिसत नाहीत. तिथे स्कॅन ‘निर्दोष’ आला तरी आजार नाही असे म्हणता येत नाही. मेंदू मुळातच भरपूर ग्लुकोज वापरतो, म्हणून त्यासाठी एमआरआय लागतो.

थेट जीवाणू दिसतील का?

आजचा पेट स्कॅन जीवाणू नव्हे, शरीराची प्रतिक्रिया दाखवतो. २०११ मध्ये संशोधकांनी उंदरांमध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जीवाणूच्या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाला चिकटणारा रेणू वापरून झडपेवरील संसर्ग टिपला. रुग्णालयातील रोजच्या वापरात मात्र असे तंत्र अद्याप नाही.

रुग्णांनी काय करावे?

कृत्रिम झडप असलेल्यांनी ताप आल्यास परस्पर अँटिबायोटिक घेऊ नये. डॉक्टरांना झडपेविषयी आधी सांगावे आणि औषध सुरू होण्यापूर्वी ब्लड कल्चर करायचे का, हे विचारावे. कितीही महागडा स्कॅन उपलब्ध असला तरी निदानाची पहिली पायरी हीच आहे.