पहिल्या फोटोतली पोकळी

‘किती महिने गोळ्या खायच्या?’ विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात टीबीचे निदान ऐकल्यावर रुग्ण बहुधा हेच विचारतो. साध्या, औषधांना दाद देणाऱ्या टीबीला उत्तर ठरलेले: सहा महिने. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्याच्या दृष्टीने तो अख्खा हंगाम. मग छातीचा फोटो पाहून कुणाला कमी, कुणाला जास्त, हे आधीच सांगता येईल का?

फोटोत मी पहिल्यांदा शोधतो ती पोकळी. फुप्फुसाचा कुजलेला भाग खोकल्यावाटे बाहेर पडला की तिथे भोक राहते. ते श्वासनलिकेला जोडलेले असल्यामुळे आत प्राणवायू भरपूर मिळतो आणि जंतू कोट्यवधींनी वाढतात. भिंतीत मात्र रक्तवाहिन्या विरळ. औषध तर रक्तातूनच यायचे!

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत हे आकड्यांत दिसले. नेहमीची औषधे आठवड्यातून दोनदा घेणाऱ्या गटात, सुरुवातीला पोकळी आणि दोन महिन्यांनंतरही थुंकीच्या कल्चरमध्ये जंतू, असे दोन्ही असलेल्या सुमारे २१ टक्के रुग्णांत रोग उलटला. दोन्ही नसलेल्यांत अवघ्या २ टक्क्यांत. म्हणजे फोटोला थुंकीची जोड हवीच.

उलट बाजूही आहे. मोठ्या माणसांत सरसकट चार महिन्यांचे उपचार करून पाहणाऱ्या तीन चाचण्यांचे निकाल २०१४मध्ये आले, तिन्ही फसल्या. पुढे त्यांतली माहिती एकत्र करून तपासली, तेव्हा पोकळी नसलेल्या किंवा थुंकीत जंतू थोडे असलेल्या रुग्णांना चार महिने पुरले होते, असे निघाले. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘शाइन’ चाचणीत सौम्य टीबी असलेल्या १,२०४ मुलांत चार महिने सहांच्या तोडीस तोड ठरले. सौम्य कोण, हे ठरवण्यात छातीच्या फोटोचा मोठा वाटा होता. त्या चाचणीचे एक केंद्र पुण्यातले बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय होते.

मग अधिक महागडे यंत्र अधिक सांगेल, असे वाटणारच. दक्षिण आफ्रिका आणि चीनमध्ये पेट-सीटी स्कॅनच्या आधारे रुग्ण निवडून काहींचे उपचार चार महिन्यांवर थांबवले. त्यांच्यात रोग जास्त उलटला. तो प्रयोग आवरता घ्यावा लागला. संगणकाने फोटो वाचण्याचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये त्याला मान्यता दिली, ती पंधरा वर्षांवरील व्यक्तींत टीबी हुडकण्यापुरती. औषध लागू पडते आहे का, हे त्यावरून ठरवा, असे तिने म्हटलेले नाही.

शेवटच्या फोटोने तर हमखास फसगत होते. जंतू मेले तरी व्रण राहतो, कधी पोकळीही. जुना फोटो हाताशी नसला की बरा झालेला माणूस नव्याने आजारी ठरतो. म्हणून ऊसतोडीला निघालेल्याच्या पिशवीत गोळ्यांबरोबर पहिला फोटो द्यावा, आणि दोन महिन्यांची थुंकीची तपासणी कुठल्या तारखेला, कारखान्याजवळच्या कुठल्या दवाखान्यात करायची, ते पाकिटावर लिहावे.