नदीचा वाटा सगळ्यात शेवटी

बाळांनो, जुलैच्या अखेरीस दौंडात हे बऱ्याचदा घडतं. आभाळ नुसतं झाकोळलेलं, अंगण कोरडं, रानात बाजरी माना टाकतेय आणि भीमा मात्र गढूळ पाण्यानं दुथडी भरलेली. मग घरातलं एखादं पोर विचारतंच, "आजोबा, पाऊसच नाही, तर पाणी आलं कुठनं?"

आलं वरून, घाटातून. भीमाशंकरला उगवलेली भीमा तुळापूरला इंद्रायणीला घेते, पुढं रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा तिला मिळते. शिरूरची घोडनदी आहुप्याकडच्या डोंगरातून निघते, वाटेत मीना आणि कुकडीला घेते आणि तीही शेवटी भीमेचीच होते. या नद्यांच्या उगमाकडं, घाटमाथ्यावर, वर्षाला तीनशे-चारशे सेंटिमीटर पाऊस कोसळतो. आपण पर्जन्यछायेत, आपल्याला मिळतो जेमतेम पन्नासच्या आसपास. वरची धरणं भरून पाणी सोडायला लागलं, की ते आपल्या दारावरून सोलापूरकडच्या उजनी धरणाकडं जातं. म्हणून तर दौंडला किती क्युसेक चाललंय, हे सोलापूरकर पावसाळ्यात पेपरात आधी शोधतात.

आता एक कोडं. घाटात आपल्या आठपट पाऊस पडतो. मग तिथल्या रानातून नदीला पाणीही आठपटच मिळत असेल ना?

नाही. जवळजवळ पन्नासपट मिळतं!

हे मी मनचं सांगत नाही. १८६९ ते ७२च्या सुमारास अलेक्झांडर बिनी या इंजिनियरनं नागपूरकडं, पडलेल्या पावसातलं किती पाणी वाहून जातं हे मोजलं होतं. पुढं १९२९च्या सुमारास इंग्लिस आणि डिसूझा यांनी पश्चिम भारतातल्या ५३ ठिकाणच्या नोंदी घेऊन दोन सूत्रं बसवली, एक घाटाचं, एक पठाराचं. हे क्लॉड इंग्लिस म्हणजे खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्राचे संचालक. पठाराचं सूत्र पाचवीतल्या पोरालाही जमेल. वर्षाच्या पावसाच्या सेंटिमीटरमधून १७.८ वजा करा, उरलेल्याला पुन्हा पावसाच्या आकड्यानं गुणा आणि २५४नं भागा. पन्नासला उत्तर येतं सुमारे ६.३. म्हणजे पन्नास सेंटिमीटरमधले सहाच नदीला! घाटाच्या सूत्रात पावसाचे ८५ टक्के घेऊन त्यातून ३०.५ वजा करायचे. चारशेला येतात ३०९.५.

असं का? पूर्वी खळ्यावर धान्याची रास पडली, की आधी बलुतेदारांचं मोजून द्यायचं, मग उरलेलं घरी. पावसाच्या राशीचंही तसंच आहे. उन्हाळ्यात भेगाळलेली काळी जमीन पहिल्या सरी गटागटा पिते. मग मुरूम पितो, पिकं पितात, विहिरी पितात, शिवाय ऊन आणि वारा वरच्यावर उडवून नेतात तो हिस्सा मोठा. एवढ्यांचं भागल्यावर उरलं तर ओढ्याला. घाटात हेच बलुतेदार जूनमध्येच तृप्त होतात. त्यात ढगांमुळं ऊन नाही, उतार तीव्र आणि खाली कातळ. मग जुलैचा पाऊस थेट नदीत उतरतो.

पठाराच्या सूत्रात आता पन्नासऐवजी पंचवीस घालून बघा. पाऊस निम्मा झाला, पण नदीला मिळतात ०.७, म्हणजे नववा हिस्सा. उलट पाऊस दुप्पट, शंभर झाला, तर ३२, म्हणजे पाचपट. दुष्काळात ओढे असे ठार कोरडे का पडतात, आणि एखाद्या वर्षी तेच ओढे रस्ते का तोडतात, ते यात आलं. अर्थात हे वर्षाच्या बेरजेचं गणित; एका रात्रीच्या ढगफुटीला ते लागू नाही.

हा हिशेब आपल्यापुरताही नाही. ऑस्ट्रेलिया आख्खा खंड असूनही त्याच्या पावसातला साधारण दहावा हिस्साच नद्यांना मिळतो. तिथं पाऊस दहा टक्क्यांनी घटला, की नद्यांचं पाणी वीस-तीस टक्क्यांनी घटतं. भारतावर वर्षाला सुमारे ४,००० अब्ज घनमीटर पाणी पडतं, त्यातलं १,८६९ अब्ज घनमीटर नद्यांतून वाहतं. सरासरी ऐकायला छान वाटते. पण त्यात मेघालयही आलं आणि शिरूरही.

तेव्हा यंदा पाऊस पंचवीस टक्के कमी झाला, म्हणजे ओढ्याचं पाणीही तेवढंच कमी होईल, असं कुणी म्हणालं तर कागद-पेन्सिल काढा आणि १७.८ वजा करून दाखवा. ते निम्म्याहूनही खाली येतं.