माळावरची हद्द वाचताना

येरमाळ्याची येडेश्वरी मागे टाकून येडशीच्या रामलिंग घाटाकडे निघालं की बालाघाटाचा मुरमाड माळ लागतो. कुसळी गवत, खुरट्या बोरी-बाभळी, मधूनच ज्वारीची रानं. लांडगा इथं क्वचितच नजरेस पडतो. त्याचा माग मातीवरूनच काढावा लागतो. मेंढपाळांना हे वाचन उत्तम येतं. त्यावरच त्यांची मेंढरं वाचतात.

ऊन चढायच्या आत निघायचं. फुफाट्यात ठसे स्पष्ट असतात. भटक्या कुत्र्याचा माग वाटभर नागमोडी फिरतो, लांडग्याचा सरळ रेघेत जातो. मागचा पाय बहुधा पुढच्याच ठशात पडतो. पाठचे लांडगेही त्याच मागावरून चालतात. म्हणून वाटतं, एकटाच गेला असेल. मग झुडपापाशी रेघ फाटते आणि एकाचे चार होतात.

सोबतचे मेंढपाळ मामा तिठ्यावर थांबले. बोरीच्या फांदीवर वीतभर उंचीला मुताची ओल, तिच्या खालीच दुसरी. शेजारी नखांनी उकरलेली माती आणि केसांनी भरलेली वाळकी विष्ठा.

“ही जोडीची खूण हाय,” मामा म्हणाले. “पोरं अशी तंगडी वर करीत न्हाईत.”

अभ्यासकांची निरीक्षणंही हेच सांगतात. पाय उचलून खूण करणं हे मुख्यतः पिल्लं घालणाऱ्या जोडीतल्या नराचं काम. मादीही त्याच जागी आपली खूण ठेवते. टोळीतल्या मानाची उतरंड अशी झुडपावर वाचता येते.

अद्भुत कथांमधला लांडग्यांचा म्होरक्या झुंजीत रक्त सांडून गादी मिळवतो. या समजुतीला जोर मिळाला तो रुडॉल्फ शेंकेल यांच्या 1947 च्या अभ्यासामुळे. पण त्यांनी पाहिलेले लांडगे प्राणिसंग्रहालयात कोंडलेले होते. डेव्हिड मेक यांनी 1970 च्या पुस्तकात ती मांडणी पुढे नेली आणि रानातली कुटुंबं वर्षानुवर्षं पाहिल्यावर 1999 मध्ये स्वतःच ती दुरुस्त केली. टोळी म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची एक-दोन वर्षांची पिल्लं. म्होरकेपण म्हणजे आई-बापपण. पोरं मोठी झाली की लढून गादी घेत नाहीत. जोडीदार आणि मोकळी जागा शोधायला बाहेर पडतात.

खरी झुंज शेजाऱ्याशी. ती शक्यतो टळावी म्हणून तर या खुणा. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या अभ्यासात हद्दीवर त्या आतल्या भागाच्या जवळजवळ दुप्पट आढळल्या. रात्रीची कोल्हेकुई वेगळी आणि लांडग्याचं लांबलचक हेल काढणं वेगळं. ते आपल्यांना बोलावतं आणि परक्यांना दूर ठेवतं. तरीही हद्द मोडली तर जीव जातो. अमेरिकेतल्याच यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात लांडग्यांच्या नैसर्गिक मृत्यूंचं मोठं कारण शेजारच्या टोळ्यांशी झालेल्या मारामाऱ्या हेच आहे.

आपल्याकडे हिवाळ्यात पिल्लं होतात. तेव्हा बिळात धूर करणं किंवा जोडीतल्या एकाला मारणं म्हणजे सगळं कुटुंब मोडणं. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं लांडग्याला संरक्षण दिलं आहे, म्हणून असं करणं गुन्हाही आहे. पण मेंढरू गेलेल्या माणसाला नुसता कायदा ऐकवून भागत नाही. त्याच्या नुकसानीचा पंचनामा वेळेत झाला पाहिजे, भरपाई हातात पडली पाहिजे. लांडग्याची हद्द ओळखून मेंढरांभोवतीची वाघर, म्हणजे जाळी, कुठं लावायची हे ठरवणारा मेंढपाळ हाच या माळाचा सगळ्यात जवळचा राखणदार आहे. त्याचं नुकसान भरून देणं हे लांडगा राखण्याचंच काम आहे.