प्रकाशानें युरेनियमची पारख

नसरापूरच्या परिसरांत डेअरीवर दूध घातलें म्हणजे त्याची फॅट तपासतात, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. दूध मापांत तितकेंच भरलें तरी त्याचें मोल आंतील स्निग्धांशावरून ठरतें. युरेनियम धातूचीही गोष्ट कांहींशी अशीच आहे. मात्र तेथें प्रश्न केवळ पैशाचा नसून जगाच्या शांततेचा असतो.

खाणींतील युरेनियममध्यें मुख्यतः दोन प्रकारचे अणु असतात : २३८ भारांकाचे व २३५ भारांकाचे. अणुभट्टीस उपयोगी, सहज भंगणारा अणु दुसरा. पण त्याचें प्रमाण शेंकडा अवघें ०.७ असतें. तें वाढविणें म्हणजे समृद्धीकरण होय. तारापूरच्या ज्या दोन अणुभट्ट्या १९६९ सालीं सुरू झाल्या, त्यांचें इंधन शेंकडा दोन-तीन इतकेंच समृद्ध असतें. अणुबाँबसाठीं हेंच प्रमाण सामान्यतः शेंकडा ९० च्या वर नेतात. एकच पदार्थ घरांत दिवा लावतो व नगरेंही जाळतो! म्हणूनच तारापूरच्या त्या इंधनावर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची देखरेख ठेवण्यांत आली.

समृद्धीकरण बहुधा वायुरूपांत करतात. त्यासाठीं युरेनियमच्या एका अणूस फ्लोरिनचे सहा अणु जोडून युरेनियम हेक्झाफ्लोराइड बनवितात. हा पांढरा पदार्थ सुमारे ५६ अंश सेल्सिअसवर, कापराप्रमाणें न वितळतांच वायु होतो. निसर्गांत फ्लोरिनचा अणु एकाच प्रकारचा असल्यामुळें रेणूच्या वजनांतील भेद केवळ युरेनियमचा राहतो : एक रेणु ३४९ भाराचा, दुसरा ३५२ चा.

आतां प्रकाशाचें कार्य पाहूं. तंबोऱ्याची जाड तार खर्जांत बोलते. तसाच जड रेणु किंचित् मंद कंप पावतो. प्रत्येक रेणु आपल्या कंपनाशीं जुळणारा प्रकाशच शोषून घेतो. हा प्रकाश डोळ्यांस न दिसणारा, अवरक्त असतो. लेसरचा शुद्ध एकरंगी किरण वायूच्या नळींतून सोडून कोणत्या तरंगलांबीस तो किती क्षीण झाला हें मोजलें, कीं दोन्ही रेणूंचें प्रमाण काढतां येतें.

हें ऐकण्यास सोपें, करण्यास कठीण. १६ मायक्रॉनजवळील प्रबळ शोषणांत दोघांच्या स्थानांतील अंतर हजारांत सुमारे एक भाग एवढेंच असतें. शिवाय नेहमींच्या उष्णमानांत दोन्ही पट्टे पसरून एकमेकांवर चढतात. म्हणून उष्णमान व दाब यांची नोंद ठेवून, प्रमाण ठाऊक असलेल्या नमुन्यांशीं संपूर्ण पट्ट्याची तुलना करावी लागते. वायूही मोठा दाहक. हवेंतील ओलाव्याशीं गांठ पडतांच विषारी हायड्रोजन फ्लोराइड निर्माण करतो.

इतका खटाटोप कशासाठीं? नमुना दूरच्या प्रयोगशाळेंत पाठवून वस्तुमान-वर्णपटमापकानें तपासणें अचूक खरें, पण त्यांत दिवसच्या दिवस जातात. प्रकाशानें जागच्या जागीं उत्तर मिळूं शकतें. राष्ट्राराष्ट्रांतील वचनें शब्दांवर फार काळ टिकत नाहींत. तीं टिकण्यास सर्वांस मान्य असें खरें माप लागतें.