सोमवार ते शनिवार

बीड जिल्ह्यातला गेवराई तालुका दोन जुन्या ख्रिस्ती मुलखांच्या मधोमध सापडतो. शहागडचा पूल ओलांडून गोदावरीपलीकडे गेलं की जालना जिल्हा लागतो. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी आपलं बेथेल वसवलं ते तिथे. शेवगावच्या वाटेने पश्चिमेला निघालं की नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. अमेरिकन मराठी मिशनचं ते मोठं केंद्र. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली तिथेच सुरू झाला आणि कवी नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाईंचा संसारही बराचसा तिथेच झाला. खुद्द गेवराईच्या बाजूला ख्रिस्ती घरं तुरळक. कॅथलिकांच्या व्यवस्थेत बीड जिल्हा १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतो, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांना एवढंच ठाऊक असतं की अमुक घरात नाताळला चांदणी लागते आणि रविवारी माणसं ‘चर्चला’ जातात.

नाताळ येतो तो नेमका ऊसतोडीच्या ऐन हंगामात. मुकादमाची उचल घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, दसरा-दिवाळीनंतरच कारखान्यांकडे निघालेले असतात, गावात उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. सरकारी फर्मानामुळे घर सोडून निघालेलं एक जोडपं, बाईचे दिवस भरलेले, उतरायला जागा नाही आणि बाळ ठेवायला गव्हाणी: ही गोष्ट मुंबईच्या उंच इमारतीत समजावून सांगावी लागेल. फडाशेजारच्या पालात बाळंत होणाऱ्या बायांच्या जिल्ह्यात तिचा अर्थ सांगत बसावं लागत नाही.

रविवारच्या उपासनेत काय चालतं हे बाहेरच्याला अर्ध्या तासात दिसतं. गाणी, शास्त्रवाचन, उपदेश, प्रार्थना, दानाची थैली. उरलेल्या सहा दिवसांत त्या विश्वासाचं काय होतं? कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, कुणाला पंक्तीला बसवायचं, हातात आलेला पैसा कुठे घालायचा, असल्या बारक्या गोष्टींत त्याचा कस लागतो. मराठी ख्रिस्ती समाजाचा दीडदोनशे वर्षांचा इतिहास याच बारक्या गोष्टींनी भरलेला आहे.

सुरुवात जालन्यापासून करता येते. नारायण शेषाद्री १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. पाठोपाठ त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहू लागला. वडील न्यायालयात गेले आणि मुलाचा ताबा त्यांना मिळाला. वाद खरा पेटला तो त्यानंतर. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, पण तो मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता, जेवला होता. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावं की नाही यावर मुंबईच्या ब्राह्मणांत तट पडले. बाळशास्त्री जांभेकर घ्यावं म्हणणाऱ्यांच्या बाजूला उभे राहिले आणि त्यांनाही त्याचा ताप झाला. मुलाच्या मनात कोणता देव आहे याची चौकशी फारशी कुणी केलेली दिसत नाही. त्याच्या पोटात कुणाचं अन्न गेलं, एवढाच मुद्दा होता.

त्या काळी ख्रिस्ती झालेल्या माणसाचा विहिरीपासून कुळापर्यंतचा सगळा आधार एका दिवसात तुटे. पुढे जालन्याला आलेल्या नारायणरावांनी हे ओळखलं होतं. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून त्यांनी जमीन मिळवली आणि बेथेल हे गावच उभं केलं. नव्याने ख्रिस्ती झालेले बहुतेक लोक अस्पृश्य जातींतले. त्यांना शेती हवी होती, विहीर हवी होती, हातात एखादा धंदा हवा होता. उपदेशाआधी कुदळ लागते हे या ब्राह्मण पाळकाला पुरतं कळलं होतं. वेगळं गाव वसवण्याची दुसरी बाजूही आहे. माणूस सुरक्षित होतो, पण शेजार संपतो. मिशनच्या आवारात वाढलेल्या कित्येक पिढ्यांना गावातला पाहुणा होऊन राहावं लागलं ते यामुळेच.

लक्ष्मीबाई टिळकांच्या वाट्याला आवार पुढे आलं, आधी आली स्वतंत्र चूल. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’इतका रोजच्या जगण्यातला विश्वास मराठीत दुसऱ्या कुणी दाखवलेला नाही. १९३४ पासून भागाभागांनी पुस्तकरूपात आलेलं हे आत्मचरित्र सुरू होतं तेच सोवळ्यापासून. वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आलेलं धान्य तर सोडाच, मीठसुद्धा धुतल्याशिवाय घरात घ्यायचं नाही. धुतलेल्या मिठाचं पुढे काय होत असेल ते कुठल्याही गृहिणीला विचारावं! अशा घरात वाढलेल्या बाईचा नवरा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतो. कुणाशी न बोलता, घरी न सांगता.

पुढची सुमारे पाच वर्षं लक्ष्मीबाईंनी जे सोसलं, ते त्यांनी हसत हसत लिहिलं आहे. नातेवाइकांकडे काढलेले दिवस, पंढरपूरचा मुक्काम, नवऱ्याची पत्रं, लोकांचे टोमणे. मग त्या टिळकांकडे परतल्या, पण ख्रिस्ती व्हायला नव्हे. नवरा आपला, धर्म त्याचा. त्यांनी आपला स्वयंपाक वेगळा ठेवला, पाणी वेगळं ठेवलं. टिळकांनीही त्यावर जोर केला नाही, आणि त्यांच्या तापट स्वभावाचा विचार करता ही लहान गोष्ट नव्हे. माणसामाणसांतल्या या जाती देवाने केल्या असतील का, या प्रश्नाचा लक्ष्मीबाईंनी मनाशीच काथ्याकूट केला. त्या माणसानेच केल्या, असा कौल मनाने दिला आणि त्यांनी सोवळं उतरवून ठेवलं. कुणाचंही अन्न खायचं, कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं. बाप्तिस्मा त्यानंतर झाला, १९०० साली.

हा क्रम फार मोलाचा आहे. धर्मांतर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर विधी येतो, सही येते, हल्ली तर पोलीस ठाणंही येतं. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत आधी चूल बदलली.

टिळकांचं घर पुढे धर्मशाळाच झालं. पाहुणे, विद्यार्थी, अनाथ पोरं यांचा राबता असे. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे आणि समोर आलेल्या गरजूला नाही म्हणणं त्यांना जमत नसे, त्यामुळे रात्रीच्या जेवणाला काय, हा प्रश्न लक्ष्मीबाईंपुढे रोजचा. साधू माणसाच्या बायकोची ओढाताण संतचरित्रांत सहसा येत नाही. तुकोबांच्या आवलीला लोकांनी कजाग ठरवलं. लक्ष्मीबाईंनी मात्र लेखणी स्वतःच हातात घेतली, त्यामुळे औदार्याचा हिशेब शेवटी कुणाला चुकवावा लागतो ते वाचकाला स्वच्छ दिसतं.

याच घरात बालकवी ठोंबरे राहिले. टिळकांनी त्यांच्यावर मुलासारखी माया केली, लक्ष्मीबाईंनी खाऊपिऊ घातलं, आणि १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली अकाली मृत्यू येईपर्यंत ते हिंदूच होते. कवितेचं वेड असलेल्या एका पोराला घर मिळालं, त्याची किंमत म्हणून श्रद्धा मागितली गेली नाही.

टिळक तुकोबांमुळेच ख्रिस्तापर्यंत पोचलो असं मानत. त्यांचे अभंग, भजनं आजही मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’मध्ये आहेत आणि पेटी-तबल्यावर म्हटले जातात. नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी त्यांच्याही आधी ख्रिस्ती कीर्तनाचा पायंडा पाडला होता. गेवराईच्या माणसाला हे सगळं चटकन ओळखीचं वाटेल. नदीपलीकडे नाथांचं पैठण, गावोगावी सप्ताह, त्यामुळे अभंगाचा ठेका कानात मुरलेला असतो. येशूचं चरित्र अभंगातून कानी पडलं तर ते परकं वाटत नाही. इंग्रजी चालीवरचं भाषांतरित गाणं ऐकताना जो अवघडलेपणा येतो, तो इथे नसतो.

१९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला. साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. पगारी धर्मप्रचारकाच्या बोलण्यावर ऐकणारा पूर्ण भरवसा ठेवत नाही, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी ते गेले. त्यांचं अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. सुरुवातीचे थोडे अध्याय टिळकांचे, उरलेला डोंगर बाईंचा.

पंडिता रमाबाईंचा मार्ग आणखी वेगळा. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुली-बायकांना त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला, आपल्या मुक्ती मिशनमध्ये आणलं, विहिरी खोदल्या, शेती केली, माग लावले, छापखाना घातला. स्वतः मूळ भाषांतून मराठीत आणलेलं बायबल त्यांनी तिथेच मुलींकडून छापून घ्यायला घेतलं आणि ते पूर्ण झालं त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली. आयुष्यभर त्या शाकाहारी राहिल्या. ख्रिस्ती झालं म्हणजे ताटात मटण आलंच पाहिजे, अशी समजूत आजही पक्की असलेल्यांना हे सांगून पाहावं.

इतकं असूनही जात चर्चच्या दारात चपलांबरोबर बाहेर राहिली नाही. मराठवाडा-नगरच्या पट्ट्यातले बहुतेक ख्रिस्ती मूळचे दलित, आणि सोयरीक जुळवताना जुनी जात आडवाटेने विचारली जाते हे तिथली माणसं खासगीत कबूल करतात. वर कायद्याचा पेच आहेच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती व मुस्लिम दलित बाहेरच राहिले. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात घातलं आहे. या प्रश्नाचा विचार करायला केंद्राने २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. दाखल्यावर धर्माच्या रकान्यात काय लिहायचं, हा प्रश्न या पेचामुळे शाळाप्रवेशाच्या दिवशीच घरात शिरतो. वाडवडिलांची जात लिहावी तर विश्वास लपवला जातो, विश्वास लिहावा तर पोराची अनुसूचित जातीची सवलत जाते. याला ढोंग म्हणणं सोपं आहे, पण म्हणणाऱ्याने आधी त्या रांगेत उभं राहून पाहावं.

मग सहा दिवसांत नेमकं घडतं तरी काय? बरंचसं डोळ्यांत न भरणारं. जेवणाआधी डोळे मिटून दोन वाक्यं. रात्री बायबलाचा उतारा, बहुधा आजी वाचते किंवा नातवाकडून वाचून घेते. आजाऱ्याच्या घरी पाळक आणि चार बायका जाऊन प्रार्थना करतात, जाताना दूध नाहीतर फळं नेतात. रोजंदारीवर जाणाऱ्याला रविवारचीही सुट्टी नसते, तेव्हा उपासना बुडते आणि ती बुडाल्याची टोचणी आठवडाभर राहते. सुगीनंतर हंगामाचा सण येतो. ज्वारीचं पोतं, भोपळा, अंड्यांची टोपली, एखादी कोंबडी, जे ज्याच्या घरी पिकलं ते वेदीपाशी आणून ठेवायचं आणि उपासना संपली की लिलाव. लिलावात गंमत असते. साध्या भोपळ्याला कुणीतरी चढाओढीने भलता भाव देतो, पाळक हसत पावती फाडतात. तिकडे दूर मिझोरममध्येही ख्रिस्ती बायका १९१० पासून दर जेवणाला शिजवायच्या तांदळातली मूठ बाजूला काढतात आणि त्या मुठींवर तिथल्या चर्चचा मोठा कारभार चालतो. गरिबाच्या घरात देण्याची सवय लागते ती अशीच, धान्याच्या मापाने.

नगर जिल्ह्यातल्या हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियेच्या, यात्रेला १९४९ पासून सप्टेंबरमध्ये माणसं लोटतात. मेणबत्ती आणि नवस घेऊन येणाऱ्यांत हिंदूही असतात.

बीड-जालन्याच्या कोरड्या पट्ट्यात मात्र सगळ्यांत मोठा प्रश्न पाण्याचा, आणि तो सोडवायला बसलेला एक धर्मगुरू इथल्या लोकांना माहीत असायला हवा. हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडचे जेझुइट, १९४८ साली भारतात आले आणि नगर जिल्ह्यात रुजले. पुढे त्यांनी नगरला सोशल सेंटर सुरू केलं. विहिरी आणि पंपांची मदत करता करता त्यांच्या ध्यानात आलं की डोंगरमाथ्यावरून पाणी पळून जातंय तोवर खाली विहीर खोदण्यात अर्थ नाही. त्यातून १९८९ साली इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आणि १९९३ साली ‘वॉटर’ ही संस्था आली. २०२१ साली ते मायदेशी वारले.

त्यांच्या कामाच्या अटी उपदेशापेक्षा कडक होत्या. गावाने श्रमदान करायचं, कुऱ्हाडबंदी पाळायची, चराईबंदी पाळायची, नाहीतर पैसा नाही. धर्म कोणता, हा प्रश्न नाही. चराईबंदीचा पहिला फटका बसे तो शेळ्या राखणाऱ्या भूमिहीनाला, म्हणजे बहुतेकदा दलित घराला आणि त्यातही बाईला. शेत असलेल्याच्या विहिरीला पाणी येणार आणि शेळीवालीला चारा शोधत फिरावं लागणार. म्हणून सगळ्या गावाची संमती, भूमिहीनांना कामाची मजुरी आणि महिलांचे बचत गट या गोष्टी कार्यक्रमात आल्या. तरी हा तिढा सगळीकडे सुटला असं म्हणता येत नाही.

याच कार्यक्रमातलं जालना तालुक्यातलं कडवंची आज द्राक्षबागा आणि शेततळ्यांसाठी नावाजलेलं आहे. तिथलं काम स्थानिक कृषी विज्ञान केंद्राच्या माणसांनी गावकऱ्यांबरोबर उभं केलं, आणि राज्यभरातले शेतकरी ते पाहायला गाड्या करून येतात. गेवराईहून जायचं तर शहागडचा पूल ओलांडून अंबडमार्गे जालना गाठायचं.